घरची बुरशी मारायची अन् पुडीतली विकत आणायची



मे लागला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. वावरात पलटी नांगर फिरायला लागतो आणि मोबाईलवर मायकोरायझाच्या जाहिराती फिरायला लागतात. कापसाला मायकोरायझा, केळीला मायकोरायझा, कांद्याला, मिरचीला, अगदी कोबीलाही मायकोरायझा. पांढरी मुळी सुटेल, अडकलेलं स्फुरद मोकळं होईल, खताचा खर्च निम्म्यावर येईल, असं सगळं त्यात असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मायकोरायझा खरी आहे आणि तिचा फायदाही खरा आहे. पण ज्या वावरात आपण तिला दरवर्षी उलथतो, स्फुरदाने सुस्त करतो आणि बुरशीनाशक पाजतो, त्याच वावरात ती पुडीतून आणून टाकणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं आहे. आधी रांजण बुजवा. पाणी विकत घ्यायचं की नाही, ते मग बघू.

हे पटतं का ते शेवटपर्यंत वाचून ठरवा. पोस्ट मोठी आहे, पण खिशातल्या पैशाची आहे.

ही बुरशी करते काय

मायकोरायझा म्हणजे शब्दशः "बुरशी-मूळ". हे नाव १८८५ मध्ये फ्रँक नावाच्या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने दिलं. त्याच्याकडे सरकारचं काम होतं ट्रफल नावाची जमिनीखालची महागडी अळंबी कशी पिकवता येईल ते बघण्याचं. त्याला दिसलं की जंगलातल्या झाडांची मुळं बुरशीने वेढलेली आहेत आणि झाड तरी ठणठणीत आहे. बुरशी म्हणजे रोग, असं समजण्याच्या काळात त्याने सांगितलं की हा रोग नाही, हा सौदा आहे.

सौदा असा. स्फुरद जमिनीत जागचं हलत नाही. नत्र पाण्याबरोबर पळतं, स्फुरद चिकटून बसतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर जास्तच. मुळी आपल्या भोवतीचं मिलिमीटर-दोन मिलिमीटरवरचं स्फुरद खाऊन टाकते आणि मग तिथेच उपाशी बसते. बुरशीचा धागा मुळीवरच्या केसापेक्षाही बारीक असतो. जिथे मुळी शिरू शकत नाही अशा भोकातून तो जातो आणि कित्येक सेंटिमीटर लांबून स्फुरद, जस्त आणून मुळीच्या आत पोचवतो. त्या बदल्यात पीक आपल्या पानात तयार झालेली साखर आणि स्निग्ध पदार्थ बुरशीला देतं. हा पगार पिकाच्या एकूण कमाईच्या साधारण ४ ते २० टक्के असतो, म्हणजे पीक फुकट काही घेत नाही.

इथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा, पुढचा सगळा वाद यांच्यावरच आहे.

एक, बुरशी स्फुरद *तयार* करत नाही, *आणून* देते. जमिनीत नसलेलं ती कुठून आणणार?

दोन, आपल्या पिकांच्या मुळात जी मायकोरायझा राहते, ती जिवंत मुळाशिवाय वाढूच शकत नाही. शेणात नाही, गुळात नाही, ताकात नाही. फक्त जिवंत मुळात.

सातपुड्याला डीएपी कोण टाकतं?

यावल-रावेरच्या वर सातपुड्यात जा, नाहीतर साक्री तालुक्यात पश्चिमेला डोंगरात जा. जमीन बघा. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. अशी जमीन आपल्या वाट्याला आली तर आपण विकून मोकळे होऊ. पण त्याच्यावर साग उभा आहे, बांबू आहे, पळस आहे. गोणी कोणी टाकली नाही, ठिबक कोणी अंथरलं नाही.

ही कमाल एकट्या बुरशीची नाही. जंगलाचा हिशेब वेगळा असतो. तिथून कोणी घड भरून ट्रक नेत नाही, पाला तिथेच पडतो, तिथेच कुजतो. आपण दरवर्षी माल बाहेर काढतो, त्यामुळे आपल्याला काही ना काही परत टाकावंच लागणार. जंगलासारखं सगळं फुकट होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पण जंगल चार गोष्टी करतं, ज्या आपण करत नाही. तिथली माती कोणी उलटीपालटी करत नाही. तिथे वर्षभर कुठलं ना कुठलं जिवंत मूळ जमिनीत असतं. एका जागी दहा जातींची झाडं-झुडपं-गवत असतात. आणि एका दिवसात स्फुरदाचा ढीग कोणी ओतत नाही. या चार गोष्टी जिथे असतात तिथे बुरशी आपोआप टिकते.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तोडीवर आणि चराईवर गावानेच बंधन घातलं, पाणी अडवलं, आणि ४०० हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली. तिथे कुणी जमिनीत पुड्या सोडल्या नाहीत. उजाड झालेलं रान राखलं, हात लावायचं थांबवलं, आणि रान परत आलं. मातीखालच्या जिवांबाबत माझं म्हणणं एवढंच आहे. आधी मारणं थांबवा.

कॅनडाची गोष्ट आणि आपलं रान

आता पुडी विकणारा एक गोष्ट हमखास सांगतो. "झाडं जमिनीखालून एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिलांना दूध पाजतं, हे इंटरनेट बुरशीचं आहे." ऐकायला गोड आहे. ती आली कुठून?

१९९७ मध्ये सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 'नेचर' मध्ये आला. कॅनडाच्या जंगलात बर्च आणि डग्लस फर या दोन झाडांच्या रोपांत कार्बनची देवघेव होते असं त्यात दिसलं. काम मोलाचं होतं. पण त्याच्यावर पुढे पुस्तकं, सिनेमे, व्हिडिओ असे इमले चढत गेले. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तिघांनी सगळे पुरावे परत तपासले. त्यांनी लिहिलं की जंगलात असं जाळं सगळीकडे पसरलेलं आहे, त्यातून रोपांना मोठा फायदा होतो, आणि मोठी झाडं आपल्याच पिलांना ओळखून अन्न देतात, या दाव्यांना शेतात-रानात मिळालेला पुरावा अपुरा आहे, शेवटच्याला तर नाहीच. यातल्या मेलनी जोन्स या १९९७ च्या मूळ प्रयोगातही सहभागी होत्या. आपल्याच कामाच्या नावावर चाललेली अतिशयोक्ती त्यांनी स्वतः थांबवायचा प्रयत्न केला. शास्त्र असं असतं, जाहिरात अशी नसते.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. कॅनडातली ती बुरशी वेगळ्या जातकुळीची आहे. ती मुळीला बाहेरून मोज्यासारखी गुंडाळते आणि पावसात तिच्या छत्र्या वर येतात. पाइन, ओक, आणि आपल्या देशात साल, यांना ती लागते. सालाचं रान मध्य प्रदेशाच्या पूर्वेला आणि छत्तीसगडात, खान्देशात नाही. आपला साग, बांबू, आणि आपली ज्वारी, बाजरी, मका, कापूस, केळी, तूर, हरभरा, कांदा यांच्या मुळात राहते ती दुसरी. ती मुळीच्या पेशीत शिरून इवल्याशा झाडासारख्या फांद्या करते आणि छत्री कधीच काढत नाही. पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी आपण आवडीने खातो, ती तर वाळवीने पाळलेली तिसरीच बुरशी.

म्हणजे गोष्ट सांगायची कॅनडाच्या फरची आणि पुडी विकायची रावेरच्या केळीला. पाकिटावर लाल छत्रीचं चित्र दिसलं तर समजून जा की छापणाऱ्यालाच आत काय आहे ते ठाऊक नाही.

आता आपलं वावर बघा

पहिलं, नांगर. बुरशीचे धागे म्हणजे जमिनीत विणलेलं जाळं. मागच्या पिकाचं जाळं शाबूत असेल तर नवीन पिकाची कोवळी मुळी उगवल्या उगवल्या त्याला जोडली जाते. कॅनडातल्याच ग्वेल्फ विद्यापीठात मक्यावर १९९० च्या सुमारास प्रयोग झाले. माती हलवून जाळं तोडलं की कोवळ्या मक्याचं स्फुरद घेणं कमी झालं. आपण काय करतो? मे मध्ये पलटी नांगर, मग वखर, मग रोटाव्हेटर, मग बेड. पिठासारखी माती झाली की आपल्याला समाधान वाटतं. पण त्या पिठात जाळं शिल्लक राहत नाही.

दुसरं, मोकळं वावर. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाऊन्स भागात आपल्यासारखीच भेगाळणारी काळी जमीन आहे. तिथले शेतकरी ओल साठवायला वावर वर्षभर आणि जास्त काळ स्वच्छ, बिनपिकाचं ठेवत. पुढचं पीक पेरलं की ते खुरटं यायचं. स्फुरद आणि जस्ताची कमतरता दिसायची. जमिनीत ओल भरपूर असताना पीक खुरटं का, हे कोणाला कळेना. जॉन थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की जिवंत मूळ नसल्याने बुरशी उपासमारीने घटली होती. आपल्या खान्देशातल्या काळ्या रानाला याहून जवळचा दाखला मला तरी माहीत नाही.

तिसरं, स्फुरदाचा ढीग. पिकाला आयतं स्फुरद मुबलक मिळालं की ते बुरशीला पगार द्यायचं बंद करतं. घरात धान्य भरलेलं असताना सालदार कोण ठेवेल? हे कोणा एका पंथाचं मत नाही, मायकोरायझावरच्या संशोधनातली सगळ्यात जास्त वेळा दिसलेली गोष्ट आहे.

केळीचा हिशेब करू. शिफारस आहे झाडाला ४० ग्रॅम स्फुरद. दीड बाय दीड मीटरवर एकरी साधारण १,७८० झाडं. म्हणजे एकरी ७१ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असतं. तीन गोण्यांत विषय संपला. आता खरं सांगा, आपल्यातले किती जण तीन गोण्यांवर थांबतात? बेसल डोसला डीएपी, वर १०:२६:२६, मग ठिबकमधून १२:६१, मग घड निसवायच्या आधी ०:५२:३४. आणि एवढं झाल्यावर त्याच ठिबकमधून "स्फुरद मोकळं करणारी" मायकोरायझा. दुकानदार दोन्हीचं बिल फाडतो. त्याला कशाला सांगायचं की एक दुसऱ्याला मारतं?

चौथं, बुरशीनाशक. ज्या संशोधकांना शेतातली मायकोरायझा मुद्दाम दाबून प्रयोग करायचा असतो, ते वर्षानुवर्षं बेनोमिल वापरत आले. बेनोमिल जमिनीत गेलं की त्याचं कार्बेन्डाझिम होतं. आणि आपण मर दिसली, सड दिसली, नाही दिसली तरी, कार्बेन्डाझिमची आळवणी करतो. आठवड्याने मायकोरायझा सोडतो. सगळी बुरशीनाशकं सारखी नाहीत, मेटालॅक्झिलसारखं औषध वेगळ्या गटावर चालतं आणि मायकोरायझाला सहसा इतकं लागत नाही. रोग असेल तर औषध घ्यावंच लागेल. पण "सेफ्टी म्हणून" केलेली आळवणी कोणाच्या सेफ्टीची असते, ते विचारा.

पुडीचा हिशेब

आता पुडीकडे येऊ. पहिला खोटेपणा ड्रमचा. "एक किलो मायकोरायझा घ्या, २०० लिटर पाण्यात गूळ अन् ताक टाका, सात दिवसांत दहा एकराला पुरेल." हा व्हिडिओ मला किती जणांनी पाठवला त्याची मोजदाद नाही. ट्रायकोडर्मा अशी वाढते, काही जिवाणूही वाढतात. मायकोरायझा नाही. ती जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. म्हणून तर ती मका, ज्वारी, गवताच्या मुळांवर कुंडीत वाढवावी लागते, आणि दिल्लीच्या टेरी संस्थेला ती काचेच्या भांड्यात मुळांवर वाढवायचं तंत्र खास तयार करावं लागलं. गुळात वाढली असती तर एवढा खटाटोप कोणी केला असता? सात दिवसांनी ड्रमात जो फेस येतो तो दुसऱ्याच कोणाचा असतो.

दुसरा खोटेपणा "सर्व पिकांसाठी". कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळात मायकोरायझा मुळी धरतच नाही म्हटलं तरी चालेल. पालक, बीट, राजगिरा यांचंही जवळपास तसंच. कोबीसाठी मायकोरायझा विकणारा एकतर अडाणी आहे नाहीतर तुम्हाला अडाणी समजतो.

तिसरी गोष्ट खोटेपणाची नाही, अर्धवटपणाची. चांगली, जिवंत, तपासलेली मायकोरायझा टाकली तरी सगळीकडे सारखं येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये ५४ मक्याच्या शेतांवर मोठा प्रयोग झाला, २०२३ मध्ये छापून आला. काही शेतांत वाढ ४० टक्क्यांपर्यंत जास्त. काही शेतांत १२ टक्क्यांपर्यंत *कमी*. कुठे फायदा होईल याचा अंदाज कशावरून लागला? जमिनीतल्या स्फुरदावरून फारसा नाही. ज्या शेतांत मुळांना त्रास देणाऱ्या रोगट बुरश्या जास्त होत्या, तिथे फायदा जास्त. म्हणजे वावर न तपासता टाकली तर तो लॉटरीचा धंदा आहे.

मग पुडी कुठेच घेऊ नये का? तसं नाही. जिथे माती मुळातच बुरशीविना आहे, तिथे ती कामाची. टिश्यूकल्चर केळीचं रोप प्रयोगशाळेतून येतं तेव्हा त्याच्या मुळात काहीच नसतं, त्यामुळे हार्डनिंगच्या वेळी पिशवीत मुळाशीच चांगली मायकोरायझा देण्यात अर्थ आहे. कोकोपीटच्या ट्रेमध्ये मिरची-टोमॅटोची रोपं करता, तिथे अर्थ आहे. वरची माती वाहून गेलेला मुरूम, खाणीची जागा, तिथे अर्थ आहे. उभ्या कापसाला फुलोऱ्यात ठिबकमधून सोडण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आणि घेतलीच तर पक्की पावती घ्या. मायकोरायझा ही खत नियंत्रण आदेश १९८५ खाली जैविक खत म्हणून येते. त्यात जिवंत बीजाणू किती आणि मुळाला लागण करायची क्षमता किती, याचे निकष आहेत. पुडीवर ते नसेल, फक्त "जर्मन तंत्रज्ञान" आणि "ह्युमिकयुक्त" असेल, तर ती परत ठेवा.

जंगलातली माती आणू नका

एक नवीन खूळ सुरू झालंय, त्याच्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. "जंगलातली जिवंत माती आणा, वावरात टाका." जीवामृतात बांधावरची मूठभर माती टाकणं वेगळं. गोणीने, ट्रॉलीने डोंगराची माती उतरवणं वेगळं. एकतर १९२७ च्या भारतीय वन कायद्यात जंगलातली वरची माती हेसुद्धा वनोपज धरलेलं आहे, म्हणजे न विचारता आणली तर ती चोरी. दुसरं, त्या डोंगरावर माती आहेच वीतभर. ती आपण नेली तर खाली खडक उरेल आणि पुढचा पूर आपल्याच नाल्यात येईल. तिसरं, ती आणून जर पलटी नांगराच्या, डीएपीच्या वावरात टाकणार असाल, तर दोन महिन्यांत तीही मरणार.

तुमच्या बांधावर, जुन्या निंबाखाली, वीस वर्षं नांगर न लागलेल्या गवतात हीच बुरशी आहे. बांध कोरून एक सरी वाढवायची आणि बीजाणू डोंगरातून आणायचे, हा कुठला हिशेब?

"मग नांगरायचंच नाही का?"

हा प्रश्न येणार, आणि योग्य आहे. हराळी, कुंदा, हुमणी यांच्यावर उन्हाळी नांगरट हा आपला जुना उपाय आहे. जिथे खरोखर हा त्रास आहे तिथे नांगरा. माझा विरोध दरवर्षी, सगळ्या वावरात, सवयीने आणि शेजाऱ्याने नांगरलं म्हणून होणाऱ्या नांगरटीला आहे. काळी जमीन उन्हाळ्यात स्वतःच हातभर भेगाळते आणि पावसात स्वतःच मिटते. तिच्यातच नांगर आहे. डिझेलच्या भावात आपण तेच काम परत करून घेतो.

"उन्हाळ्यात कोरडवाहू वावरात जिवंत मूळ कुठून आणायचं?" हाही खरा प्रश्न. पंचेचाळीस डिग्रीत ते जमणार नाही. पण ही बुरशी तेवढे दिवस काढते. जुन्या मुळांच्या तुकड्यांत आणि बीजाणूंच्या रूपात ती थांबून राहते, पहिल्या पावसाची अन् पहिल्या मुळीची वाट बघत. तिला फक्त खोल उलटून, उन्हात भाजून टाकू नका. जुनी मुळं जमिनीत राहू द्या.

आपल्या महाराष्ट्रात हे लोकांनी करून दाखवलं आहे. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर बिननांगरणीच्या शेतीवर वर्षानुवर्षं लिहीत आणि करत आले. नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्रात गादीवाफे एकदाच करून मागच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची पद्धत बसवली. त्यांचं भाताचं जसंच्या तसं कापसाला लागू पडेल असं मी म्हणत नाही. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटीचा बंदोबस्त आपल्याला वेळेत करावाच लागतो. पण पऱ्हाटी पेटवणं आणि श्रेडरने बारीक करून कुजवणं यात फरक आहे.

शास्त्रज्ञ मंडळींना एक मागणी

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात १२ गोष्टी तपासतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. जिवंत असं त्यात एकही नाही. आम्ही मातीचं रक्त तपासतो, पण नाडी बघत नाही.

मुळात मायकोरायझा आहे की नाही हे बघायला लाखाचं यंत्र लागत नाही. बारीक मुळ्या धुवायच्या, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करून आतला रंग काढायचा, आणि व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या काळ्या शाईत रंगवायच्या. १९९८ मध्ये ही शाई-व्हिनेगरची पद्धत छापून आली. मग साधा मायक्रोस्कोप. शंभर तुकड्यांपैकी किती तुकड्यांत बुरशी, ते मोजायचं. कॉस्टिक भाजतं, म्हणून हे घरी नको, प्रयोगशाळेत करा. पण अवघड काही नाही.

पाल, ममुराबाद आणि धुळ्याची कृषी विज्ञान केंद्रं, दोन्ही जिल्ह्यांची कृषी महाविद्यालयं, जळगावचं केळी संशोधन केंद्र, तुम्हा सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. एका हंगामात केळी, कापूस, कांदा आणि बाजूचा न नांगरलेला बांध, अशा चार ठिकाणच्या मुळ्या तपासा. विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्या. गावाला आकडा सांगा. एकदा शेतकऱ्याला कळलं की त्याच्या बांधावरच्या गवतात बुरशी भरलेली आहे आणि चार पावलांवर केळीत नाही, तर तुम्हाला व्याख्यान द्यायची गरज पडणार नाही. आणि बाजारातल्या पुड्यांचे नमुने त्याच मायक्रोस्कोपखाली घाला. आम्हाला बंदी नको, आकडा पाहिजे.

या खरिपात एवढं करा

१. माती परीक्षणात स्फुरद "जास्त" किंवा "भरपूर" आलं असेल तर अहवाल घेऊन सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे जा आणि स्फुरद किती कमी करायचं ते लिहून घ्या. केळीत निदान शिफारशीच्या वर जाऊ नका.

२. सगळं वावर नांगरू नका. एक पट्टा बिननांगरणीचा ठेवून बघा, त्यात फक्त पेरणीची ओळ हलवा.

३. कापसात तूर, मूग, चवळीची ओळ घाला. कापूस निघाल्यावर ओल असेल तर हरभरा टाका. मूळ बदलतं राहू द्या, जमीन रिकामी ठेवू नका.

४. कोबी-फ्लॉवर घेतल्यानंतर लगेच कांदा घ्यायचा असेल तर मध्ये चवळी नाहीतर मका येऊ द्या. कांद्याची मुळं आखूड आणि बिनकेसाची, त्याला या बुरशीची सगळ्यात जास्त गरज.

५. रोग दिसल्याशिवाय कार्बेन्डाझिमची आळवणी नको.

६. पुडी वापरायचीच असेल तर रोपाच्या मुळाशी, लावणीच्या वेळी. आणि चार ओळी *न टाकता* सोडा, खुणेला खुंटी ठोका. काढणीला दोन्हीकडचं वजन करा. कंपनीच्या माणसाला तेच दाखवा.

७. बांध कोरू नका, पेटवू नका. तुमचं बियाणं तिथे आहे.

सातपुड्याला हे कोणी शिकवलं नाही. आपल्याला तर त्यासाठी पैसेही मोजायचे नाहीत, उलट नांगराचं डिझेल अन् दोन-तीन गोण्या वाचणार आहेत. म्हणूनच बहुतेक याची जाहिरात कोणी करत नाही.

खुंटी ठोकलेल्या चार ओळींचा हिशेब दिवाळीनंतर मला नक्की कळवा. माझं म्हणणं खोटं ठरलं तरी कळवा.